फायरवॉलसाठी जास्त कोअर घ्यावेत की वेगवान कोअर? आणि हायपरथ्रेडिंगचा खरा उपयोग किती?

चौकस

नमस्कार. आमच्या कार्यालयात सुमारे चाळीस जण काम करतात आणि सर्वांची इंटरनेट जोडणी एकाच फायरवॉलमधून जाते. यंत्र लहानसे, पंखा नसलेले आहे: इंटेल कोअर आय-३ ४००५यू, दोन कोअर, चार थ्रेड, १.७ गिगाहर्ट्झ, टर्बो नाही. त्यावर इंटेल आय२११ चिपची चार पोर्ट आहेत आणि पीएफसेन्स २.७ हे फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर आधारलेले फायरवॉलचे सॉफ्टवेअर चालते. गेल्या महिन्यात आम्ही जोडणी १ गिगाबिटची करून घेतली, पण डाउनलोड काही केल्या ४८० मेगाबिटच्या पुढे सरकत नाही. फायरवॉल बाजूला ठेवून लॅपटॉप थेट लावला आणि त्याच खात्याने लॉग-इन केले, तर ९०० च्या वर वेग मिळतो. त्यामुळे दोष फायरवॉलच्या यंत्रातच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गोंधळ पुढे आहे. डाउनलोड जोरात चालू असताना डॅशबोर्डवर सीपीयूचा वापर २८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. बहात्तर टक्के प्रोसेसर मोकळा असेल, तर वेग अडतो कशामुळे? मी ॲटम सी३७५८ असलेले, आठ कोअरचे आणि २.२ गिगाहर्ट्झचे यंत्र घेण्याच्या विचारात आहे. त्याच्या जाहिरातीत 'मल्टिथ्रेडिंग सपोर्ट' असे ठळकपणे लिहिले आहे, पण त्याच प्रोसेसरच्या माहितीपत्रकात हायपरथ्रेडिंग नसल्याचेही लिहिले आहे. या दोन विधानांचा मेळ मला बसवता आला नाही.

फायरवॉलचे सॉफ्टवेअर खरोखर सगळे कोअर वापरते का, आणि हायपरथ्रेडिंग असलेले चार थ्रेड हे चार कोअरच्या बरोबरीचे मानावेत का, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काजवा

सॉफ्टवेअर सगळे कोअर वापरते. ती जुनी अडचण आता राहिलेली नाही. पीएफसेन्समधले पीएफ हे पॅकेट फिल्टर, म्हणजे माहितीचे प्रत्येक पॅकेट नियमांनुसार गाळणारा भाग, मुळात ओपनबीएसडी या कार्यप्रणालीसाठी २००१ मध्ये लिहिले गेले आणि तेथून फ्रीबीएसडीमध्ये आले. बरीच वर्षे त्याच्या सगळ्या कामावर एकच मोठे कुलूप होते, त्यामुळे चार कोअर असले तरी एका वेळी एकच कोअर पीएफच्या आत जाऊ शकत असे. २०१४ च्या फ्रीबीएसडी १० मध्ये ते कुलूप फोडून लहान लहान कुलपे केली गेली, आणि २०१५ मधील पीएफसेन्स २.२ पासून त्याचा लाभ सर्वांना मिळू लागला. तेव्हा निःशंकपणे आठ कोअरचे यंत्र घ्यावे.

तंतुवेध

काजवा यांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो. चौकस, खरेदी करण्याआधी तुमच्या २८ टक्क्यांकडे नीट पाहा. तुमच्या यंत्रात कार्यप्रणालीला चार सीपीयू दिसतात. चारपैकी एक पूर्ण भरला आणि बाकीचे जवळजवळ रिकामे राहिले, तर सरासरी २५ टक्के येते. त्यावर इतर किरकोळ कामाचे तीन टक्के धरले की झाले २८. डॅशबोर्डवरील आकडा हा चौघांची सरासरी असतो. फायरवॉलच्या बाबतीत ती सरासरी हमखास दिशाभूल करते. तिघे हात बांधून बसले आहेत आणि चौथा धापा टाकतो आहे, असे चित्र त्या एका आकड्यामागे दडलेले असू शकते.

दोन गोष्टी कळवा. पहिली, शेल उघडून 'टॉप' ही आज्ञा एस, एच आणि पी या पर्यायांसह चालवा आणि डाउनलोड चालू असताना प्रत्येक सीपीयूची ओळ वेगळी पाहा. एच दिल्याने कर्नलमधले (कार्यप्रणालीच्या गाभ्यातले) थ्रेडही वेगवेगळे दिसतात. वरच्या तीन-चार ओळी इथे लिहा. दुसरी, अपलोडचा वेग किती मिळतो? तुम्ही फक्त डाउनलोडचाच उल्लेख केला आहे.

रातराणी

तोवर हायपरथ्रेडिंगविषयी लिहिते, कारण या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दात गुंडाळल्या गेल्या आहेत.

मल्टिथ्रेडिंग हा सॉफ्टवेअरचा गुण आहे: काम अनेक थ्रेडमध्ये वाटून ते एकाच वेळी अनेक सीपीयूंवर चालवता येणे. हायपरथ्रेडिंग ही प्रोसेसरची रचना आहे. एका कोअरमध्ये रजिस्टरचे दोन संच ठेवलेले असतात, पण बेरीज-वजाबाकी करणारी एककं, पहिल्या पातळीचा कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान स्मृती) आणि स्मृतीकडे जाणारा रस्ता एकच असतो. एक थ्रेड स्मृतीतून माहिती येण्याची वाट पाहत थांबला, की त्या मोकळ्या क्षणांत दुसरा थ्रेड तीच एककं वापरून घेतो. इंटेलने २००२ मध्ये हे तंत्र आणले तेव्हा चिपचे क्षेत्रफळ पाच टक्क्यांहून कमी वाढवून कामगिरी तीस टक्क्यांपर्यंत वाढते, असा तिचा दावा होता. म्हणजे खुद्द निर्मात्याच्या मते, सर्वांत अनुकूल परिस्थितीतही, दुसरा थ्रेड हा कोअरच्या एक-तृतीयांशापेक्षा कमीच भरतो. सी३७५८ च्या जाहिरातीतला मेळही इथेच बसतो: आठ खरे कोअर असल्यामुळे त्यावर मल्टिथ्रेडेड सॉफ्टवेअर उत्तम चालते, आणि त्यासाठी हायपरथ्रेडिंगची गरज नसते.

फायरवॉलच्या कामात यातला एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. नेटवर्क कार्ड आलेली पॅकेट रांगांमध्ये ठेवते आणि प्रत्येक रांग एका सीपीयूकडे सोपवली जाते. अशा दोन रांगा जर एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर नेमल्या गेल्या, तर कागदावर दोन सीपीयू काम करत असतात आणि प्रत्यक्षात एकाच कोअरचा कॅश दोघे मिळून ओरबाडत असतात. शेजारचा खरा कोअर मात्र रिकामाच राहतो. म्हणून रांगा कोणत्या सीपीयूवर बसल्या आहेत आणि त्या सीपीयूंच्या जोड्या कशा आहेत, हे पाहिल्याशिवाय 'चार थ्रेड' या शब्दांवर विसंबू नये.

दीपस्तंभ

हायपरथ्रेडिंगचा विषय निघालाच आहे, तर सुरक्षेची बाजूही नोंदवावीशी वाटते, कारण हे यंत्र अखेर फायरवॉल आहे. दोन थ्रेड एकच कॅश वापरतात, म्हणून एका थ्रेडवर चालणाऱ्या कार्यक्रमाला शेजारच्या थ्रेडच्या हालचालींचा माग काढता येतो. शेजारच्या थ्रेडवर चाललेल्या गणितातून आरएसए या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीतील गुप्त किल्लीचे तुकडे गोळा करता येतात, हे २००५ मध्येच दाखवले गेले होते. २०१८ मध्ये एल१टीएफ आणि २०१९ मध्ये एमडीएस या इंटेल प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या, आणि दोन्हींच्या बाबतीत पूर्ण संरक्षणासाठी हायपरथ्रेडिंग बंद करण्याचा सल्ला पुढे आला. ओपनबीएसडीने तर २०१८ च्या जूनमध्येच ते मूळ मांडणीत बंद करून टाकले.

ज्या यंत्रात आपल्या व्हीपीएनच्या सगळ्या किल्ल्या ठेवलेल्या असतात, त्यात वीस-पंचवीस टक्क्यांच्या आशेने हा दरवाजा उघडा ठेवावा का, याचा प्रत्येकाने गंभीरपणे विचार करावा.

काजवा

दीपस्तंभ, आपला मुद्दा मान्य आहे, पण या सगळ्या हल्ल्यांसाठी हल्लेखोराचा कार्यक्रम त्याच प्रोसेसरवर चालावा लागतो. केवळ फायरवॉल म्हणून वापरलेल्या यंत्रावर परक्याचा कार्यक्रम येणार कुठून? तो आत येऊन बसला असेल, तर किल्ल्या आधीच गेलेल्या असतील.

दीपस्तंभ

स्वतंत्र यंत्रासाठी आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु आजकाल कितीतरी जण इतर सर्व्हरसोबत एकाच यंत्रावर आभासी फायरवॉल चालवतात. तिथे शेजारच्या आभासी यंत्रात काय चालले आहे याची हमी देता येत नाही. त्या सर्वांसाठी तरी माझी सूचना कायम आहे.

अनुस्वार

मी या विषयात नवीन आहे, त्यामुळे प्रश्न फार प्राथमिक वाटल्यास क्षमस्व. एकच मोठी फाइल उतरत असेल, तर तिची पॅकेट चारही कोअरमध्ये एकेक करून का वाटत नाहीत? पहिले पॅकेट पहिल्या कोअरला, दुसरे दुसऱ्याला, असे केले की प्रश्नच मिटेल ना?

गणिती

प्रश्न प्राथमिक असला तरी नेमका आहे, आणि त्याच्या उत्तरात या धाग्यातले निम्मे उत्तर येते.

पॅकेट असे वाटले तर ती क्रम सोडून बाहेर पडतील. एका कोअरला थोडा उशीर झाला की सातवे पॅकेट पाचव्याच्या आधी निघेल. टीसीपीच्या पलीकडच्या टोकाला वाटते की पाचवे हरवले, आणि ते पुन्हा पुन्हा तीच पोच पाठवते. अशा तीन दुबार पोचा मिळाल्या की पाठवणारा 'पॅकेट हरवले' असे समजून ते पुन्हा पाठवतो आणि आपला वेगही कमी करतो. म्हणजे कोअर वाढवूनही जोडणी मंदावेल. हे टाळण्यासाठी नेटवर्क कार्ड प्रत्येक पॅकेटचे दोन्ही आयपी पत्ते आणि दोन्ही पोर्ट क्रमांक घेऊन त्यांचा हॅश काढते आणि त्यावरून रांग ठरवते. या पद्धतीला आरएसएस म्हणतात. एका जोडणीची सगळी पॅकेट एकाच रांगेत, त्यामुळे एकाच कोअरकडे जातात आणि क्रम शाबूत राहतो. याचा परिणाम असा की एका जोडणीचा वेग एका कोअरच्या वेगापलीकडे जात नाही. चाळीस माणसांच्या शेकडो जोडण्या असतील, तर त्या मात्र सगळ्या कोअरवर पसरतात.

रांगांनाही मर्यादा आहे. आय२११ मध्ये येणाऱ्या पॅकेटसाठी दोनच रांगा असतात, आय२१० मध्ये चार. चौकस यांच्या यंत्रात आठ कोअर असते, तरी आय२११ च्या एका पोर्टवरचे काम कार्डाकडून दोघांच्याच हाती पडले असते.

आता एका कोअरला किती सवड असते, याचे गणित मांडतो. इथरनेटची सर्वांत लहान चौकट ६४ बाइटची. तिच्या आधीची खूण आणि दोन चौकटींमधले अंतर मिळून २० बाइट. म्हणजे एकूण ८४ बाइट, अर्थात ६७२ बिट. १ गिगाबिटच्या तारेवरून अशी सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेट येऊ शकतात आणि प्रत्येकासाठी ६७२ नॅनोसेकंद मिळतात. १.७ गिगाहर्ट्झच्या कोअरला त्यात जेमतेम ११४० सायकल मिळतात, आणि तेवढ्यात नियम तपासणे, स्थितीची नोंद शोधणे, पत्ता बदलणे आणि पुढे पाठवणे हे सारे उरकावे लागते. स्मृतीपर्यंतची एक फेरी शंभरेक नॅनोसेकंदांची धरली, तर चार-पाच फेऱ्यांतच वेळ संपत येतो. पूर्ण मोठ्या चौकटी असतील तर मात्र सेकंदाला सुमारे ८१ हजारच पॅकेट येतात आणि प्रत्येकासाठी वीस हजारांहून अधिक सायकल मिळतात.

डाउनलोडमधली पॅकेट बहुतेक मोठीच असतात. त्यामुळे चौकस यांचा कोअर ४८० मेगाबिटलाच भरत असेल, तर त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्तीचे काही ओझे आहे, असा माझा कयास आहे.

चौकस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तंतुवेध यांनी सांगितल्याप्रमाणे टॉप चालवून पाहिले आणि चित्र अगदी त्यांनी वर्तवले तसेच निघाले. डाउनलोड चालू असताना सीपीयू ० वरचा 'इफ_आयओ_टीक्यूजी_०' हा कर्नलचा थ्रेड ९९ टक्क्यांवर होता. त्याच नावाचा पुढच्या क्रमांकाचा थ्रेड ८ टक्क्यांवर होता आणि उरलेले दोन सीपीयू जवळजवळ रिकामे होते. मी सोळा जोडण्या एकदम उघडून डाउनलोड केले, तरी भार पसरला नाही. गणिती यांच्या म्हणण्याप्रमाणे तो दोन रांगांत तरी वाटला जायला हवा होता.

अपलोड मोजला तर ९१० मेगाबिट मिळाला. हे मी आधी तपासलेच नव्हते. तोच प्रोसेसर, त्याच तारा, तेच नियम. मग एका दिशेला पूर्ण वेग आणि दुसऱ्या दिशेला निम्मा, असे का व्हावे?

तंतुवेध

आता कारण स्पष्ट झाले. तुम्ही पहिल्या संदेशात 'त्याच खात्याने लॉग-इन केले' असे लिहिले होते, म्हणजे तुमची जोडणी पीपीपीओई पद्धतीची, अर्थात खात्याच्या नावाने लॉग-इन करून चालू होणारी आहे. ती नसती, तर तुम्हाला लॅपटॉपवर खात्याचे नाव घालावे लागले नसते.

पीपीपीओईमध्ये प्रत्येक आयपी पॅकेट आठ बाइटच्या वेष्टनात गुंडाळलेले असते. त्यातले सहा बाइट पीपीपीओईचे आणि दोन पीपीपीचे. म्हणूनच १५०० ऐवजी १४९२ बाइटचीच जागा उरते. बाहेरून येणारी चौकट तुमच्या आय२११ पर्यंत पोहोचते, तेव्हा कार्डाला तिच्यावर आयपीचा प्रकार-क्रमांक दिसत नाही, पीपीपीओईचा दिसतो. वेष्टनाच्या आत डोकावून पत्ते आणि पोर्ट वाचणे त्या कार्डाला येत नाही. हॅश काढायला काहीच हाती नसल्यामुळे ते सगळी पॅकेट रांग क्रमांक ० मध्ये टाकते. सोळा जोडण्या असोत की सोळाशे, कार्डाच्या दृष्टीने ती एकच अखंड धार असते. पुढे फ्रीबीएसडीच्या नेहमीच्या मांडणीत ज्या थ्रेडने पॅकेट उचलले, तोच ते शेवटपर्यंत नेतो: वेष्टन काढणे, पीएफचे नियम, पत्ता बदलणे आणि आतल्या जाळ्यात सोडणे. त्यात वेष्टन काढण्याचे काम नेटग्राफ या फ्रीबीएसडीच्या नेटवर्क-व्यवस्थेच्या एकामागून एक जोडलेल्या टप्प्यांतून होते, आणि गणिती यांना जाणवलेले जास्तीचे ओझे हेच आहे.

अपलोडच्या वेळी गोष्ट उलटी असते. कार्यालयातून येणारी पॅकेट आतल्या पोर्टवर साध्या आयपीच्या रूपातच येतात. तिथे हॅश व्यवस्थित निघतो, दोन रांगा भरतात, दोन थ्रेड काम करतात. वेष्टन चढते ते वाटणी झाल्यानंतर. डाउनलोड अडकलेला आणि अपलोड मोकळा, ही पीपीपीओईची ओळखीची खूण आहे, आणि म्हणून मी तो आकडा मागितला होता.

आता उपाय. पहिला लगेच करता येईल: सिस्टिम ट्यूनेबल्समध्ये 'नेट.आयएसआर.डिस्पॅच' हे मूल्य 'डायरेक्ट' ऐवजी 'डिफर्ड' करा. मग पहिला थ्रेड वेष्टन काढून थांबतो, आतले आयपी पॅकेट पुन्हा जोडणीनुसार वाटले जाते आणि नियम तपासण्याचे काम दुसरे थ्रेड घेतात. असे किती थ्रेड असावेत, ते 'नेट.आयएसआर.मॅक्सथ्रेड्स' मध्ये ठरते, आणि ते मूल्य यंत्र सुरू होतानाच वाचले जाते. म्हणून बदलल्यास यंत्र पुन्हा सुरू करावे. एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे पॅकेट सोपवण्यालाही किंमत पडते, त्यामुळे हा उपाय पीपीपीओई नसलेल्यांनी आंधळेपणाने करू नये.

दुसरा उपाय अधिक चांगला आहे. २०२५ मध्ये आलेल्या पीएफसेन्स २.८ मध्ये 'इफ_पीपीपीओई' नावाचा नवा ड्रायव्हर आहे. तो ओपनबीएसडीमधून आणलेला असून नेटग्राफच्या पायऱ्या गाळून थेट कर्नलमध्ये काम करतो. तो सेटिंगमधून स्वतः निवडावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

पाणवठा

लिनक्सवर आधारलेली फायरवॉल वापरणाऱ्यांसाठी भर घालतो. तिथे हाच प्रश्न आरपीएस नावाच्या सोयीने सुटतो. २०१० च्या लिनक्स २.६.३५ पासून ती कर्नलमध्येच आहे. कार्डाने सगळे एका रांगेत टाकले, तरी कर्नल स्वतः सॉफ्टवेअरमध्ये हॅश काढतो आणि पॅकेट दुसऱ्या सीपीयूकडे धाडतो. शिवाय लिनक्सला पीपीपीओईचे वेष्टन ओलांडून आतले पत्ते वाचता येतात. मात्र ही सोय आपोआप सुरू नसते. प्रत्येक रांगेसाठी कोणते सीपीयू वापरायचे, ते आपल्याला लिहून द्यावे लागते.

निदानाची रीतही सारखीच आहे. 'प्रॉक' खालची 'इंटरप्ट्स' ही फाइल उघडून पाहावी. एकाच स्तंभातले आकडे झरझर वाढत असतील आणि बाकीचे स्तंभ जागीच असतील, तर काम एका सीपीयूवर तुंबले आहे असे समजावे.

रातराणी

अशीच तुंबलेली आणखी दोन ठिकाणे सांगते, कारण पीपीपीओईचा प्रश्न सुटला की पुढचा अडथळा बहुधा तिथेच भेटतो.

पहिले ठिकाण ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर. त्याचा एक सर्व्हर म्हणजे एक थ्रेड. जोडलेली माणसे पन्नास असली, तरी त्या सर्वांचे सांकेतिकीकरण एकच कोअर करतो. शिवाय प्रत्येक पॅकेट कर्नलमधून बाहेर कार्यक्रमाकडे आणि पुन्हा आत अशी फेरी मारते. एईएस-एनआय (सांकेतिकीकरणासाठीच्या खास सूचना) असलेल्या प्रोसेसरवर सांकेतिकीकरण स्वस्त होते, पण ही फेरी स्वस्त होत नाही. जुना उपाय म्हणजे वेगवेगळ्या पोर्टवर दोन-तीन सर्व्हर चालवून माणसे त्यांत वाटणे. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या २.६ आवृत्तीपासून डीसीओची सोय आहे. तिच्यात पॅकेटचे काम कर्नलमध्येच राहते. वायरगार्ड हे दुसरे व्हीपीएन सॉफ्टवेअर मुळातच कर्नलमध्ये चालते आणि सांकेतिकीकरणाचे काम सगळ्या कोअरवर वाटते.

दुसरे ठिकाण घुसखोरी ओळखणारे सॉफ्टवेअर. स्नॉर्टची दुसरी आवृत्ती पॅकेटची तपासणी एकाच थ्रेडमध्ये करते, म्हणून तिच्यासाठी आठ मंद कोअरपेक्षा दोन वेगवान कोअर बरे. २०२१ च्या जानेवारीत आलेली तिसरी आवृत्ती अनेक थ्रेड वापरते. सुरिकाटा पहिल्यापासूनच मल्टिथ्रेडेड आहे. माझ्या अनुभवात हायपरथ्रेडिंगचा काही लाभ कुठे दिसला असेल, तर तो सुरिकाटामध्ये. हजारो नियमांशी मजकूर जुळवताना थ्रेड वारंवार स्मृतीची वाट पाहत थांबतो, आणि त्या खंडात शेजारचा थ्रेड पुढे सरकतो. निव्वळ पॅकेट पुढे पाठवण्याच्या कामात मात्र मला तो लाभ क्वचितच दिसला.

गाठोडे

मोजमापाबद्दल सावध करतो, कारण याच चुकीत माझे दोन दिवस गेले. मी आयपर्फ३ ने सोळा समांतर जोडण्या उघडून वेग मोजत होतो आणि फायरवॉल अडते आहे असे मानत होतो. प्रत्यक्षात ३.१६ च्या आधीच्या आयपर्फ३ मध्ये कितीही समांतर जोडण्या मागितल्या, तरी त्या सगळ्या एकाच थ्रेडमध्ये चालतात. अडत होते ते चाचणी करणारे जुने यंत्र. ३.१६ पासून प्रत्येक जोडणीला स्वतंत्र थ्रेड मिळतो. आणि आयपर्फ कधीही फायरवॉलवरच चालवू नये: त्याने फायरवॉलचाच सीपीयू खर्च होतो आणि पॅकेट एका पोर्टातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडण्याचा खरा रस्ता मोजलाच जात नाही. एक यंत्र आत, एक बाहेर, आणि फायरवॉल मध्ये, अशीच मांडणी हवी.

आभासी फायरवॉल चालवणाऱ्यांनी आणखी एक तपासावे. आभासी नेटवर्क कार्डाला किती रांगा द्यायच्या, हे मूळ यंत्राच्या सेटिंगमध्ये ठरते आणि पुष्कळदा तिथे एकच रांग असते. आत आठ सीपीयू देऊनही दार एकच राहते.

काजवा

तंतुवेध यांचे स्पष्टीकरण वाचल्यावर मी माझा सल्ला मागे घेतो. कुलपे लहान केली तरी सगळे काम एकाच रांगेतून येत असेल, तर कुलपांचा प्रश्नच उद्भवत नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते. सी३७५८ मध्ये कोअर आठ असले तरी ते ॲटमचे आहेत आणि २.२ गिगाहर्ट्झच्या वर जात नाहीत. जुन्या पीपीपीओई पद्धतीत त्यातला एकच कोअर उपयोगी पडला असता, आणि एकेका कोअरपुरते पाहिले तर तो चौकस यांच्या सध्याच्या कोअरपेक्षा फार पुढे नाही. यंत्र बदलायचेच ठरले, तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरकडे पाहावे. कोअर चारच आहेत, हायपरथ्रेडिंग नाही, पण एकेक कोअर ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो, आणि त्यासोबत सहसा येणाऱ्या आय२२६ कार्डात चार रांगा असतात.

चौकस

गेल्या आठवड्यात सर्व सूचना एकेक करून तपासल्या. दर वेळी एकच बदल केला आणि कार्यालय बंद झाल्यावर तीन-तीनदा मोजले.

'डिफर्ड' केल्यावर डाउनलोड ४८० वरून ६४० पर्यंत गेला. सीपीयू ० पूर्ण भरलेलाच राहिला, पण बाकीच्या तिघांवर पहिल्यांदाच काम दिसले. त्यानंतर तो बदल मागे घेऊन यंत्र २.८ वर नेले आणि नवा ड्रायव्हर निवडला. डाउनलोड ८८० मेगाबिट मिळाला आणि सर्वांत व्यग्र सीपीयूही ८० टक्क्यांच्या आत राहिला. महिनाभर ज्या यंत्राला मी जुने आणि दुबळे म्हणत होतो, ते एवढे काम करू शकते हे पाहून मला फार समाधान वाटले.

यानंतर बायोसमधून हायपरथ्रेडिंग बंद करून पाहिले. डाउनलोडमध्ये फरक दहा मेगाबिटच्या आत होता, आणि तेवढा फरक दोन मोजण्यांमध्ये एरवीही पडतो. बदलला तो डॅशबोर्डवरचा आकडा: तेवढ्याच वेगाला पूर्वी ३४ टक्के वापर दिसत होता, तो आता ६२ दिसतो. छेद चारवरून दोन झाला, एवढेच. यंत्रात खरोखर किती सवड उरली आहे, हे मात्र मला आताच्या आकड्यावरून जास्त खरे कळते.

आम्ही सुरिकाटा वापरत नाही आणि व्हीपीएनच्या किल्ल्या याच यंत्रात आहेत, म्हणून दीपस्तंभ यांचे ऐकून हायपरथ्रेडिंग बंदच ठेवले आहे. सी३७५८ ची खरेदी रद्द केली.

अनुस्वार

माझ्या घरच्या यंत्रात रिअलटेकची पोर्ट आहेत, जोडणी पीपीपीओईचीच आहे आणि फायरवॉल फ्रीबीएसडीवर आधारलेली आहे. मलाही 'डिफर्ड' चा उपयोग होईल का?

तंतुवेध

होण्याची शक्यता तुमच्या बाबतीत चौकस यांच्यापेक्षाही जास्त आहे. फ्रीबीएसडीचा रिअलटेक ड्रायव्हर एकच रांग वापरतो, त्यामुळे तुमच्याकडे डाउनलोड आणि अपलोड दोन्ही दिशांना वाटणी होत नसणार. आधी टॉपमध्ये प्रत्येक सीपीयूची ओळ पाहा आणि दोन्ही दिशांचे आकडे इथे लिहा. मग बदल करा.